नवीन पाळकांची मंडळीला ओळख करून द्यायची आहे – मदत हवी आहे

प्रभूत सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) नवीन पाळक (पास्टर) येत आहेत. त्यांना पदावर नेमण्याचा स्थापनाविधी वरिष्ठ पाळक करतील, पण त्याआधीच्या रविवारी उपासनेत त्यांची ओळख करून देण्याचं काम कमिटीने माझ्यावर सोपवलंय. पाच मिनिटं मिळतील.

अडचण अशी की आधीचे पाळकसाहेब आमच्याकडे फार वर्षं होते. आज गायनमंडळात उभ्या राहणाऱ्या कित्येकांचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातचा. निरोपाच्या दिवशी म्हातारी माणसं ढसाढसा रडली. येणारे पाळक तरुण, मितभाषी, आणि स्वतंत्रपणे सांभाळायची ही त्यांची पहिलीच मंडळी. "हे पोर आम्हाला काय शिकवणार?" अशी कुजबुज आत्ताच कानावर येतेय. तारुण्याला कोणी तुच्छ मानू नये, हे पहिले तीमथ्य 4:12 मधलं वचन वाचावं असं वाटतं, पण ज्यांच्या मनात काही नाही त्यांच्याही मनात ते भरवल्यासारखं होईल का?

त्यांनी बायोडेटा पाठवलाय. पदवी, सेमिनरी, सहायक म्हणून केलेली सेवा. तो जसाच्या तसा वाचला तर मागचे बाक घड्याळ बघायला लागतील. शिवाय जुन्या पाळकांचं नाव घ्यावं की टाळावं? आणि पाळकीणबाई नोकरी करतात, त्यांची ओळख कशी द्यावी? अनुभवी मंडळींनी कृपया सांगा, मला हे मनापासून नीट करायचंय.

प्रतिसाद
बंधू, ते वचन त्या दिवशी नको. त्याऐवजी प्रेषितांची कृत्ये 9 काढून बघा. शौल, म्हणजे पुढचा पौल, आधी येशूच्या शिष्यांचा छळ करायचा. म्हणून तो यरुशलेमात आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते. बर्णबा नावाच्या शिष्याने त्याला प्रेषितांकडे नेलं आणि सांगितलं काय, तर वाटेत त्याला प्रभू कसा दिसला, प्रभू त्याच्याशी बोलला, आणि दिमिष्कात (दमास्कसमध्ये) तो येशूच्या नावाने किती धैर्याने बोलला. गमलियेलासारख्या नामवंत गुरूच्या पायाशी शिकल्याचं अवाक्षर नाही. तुम्हीही पाळकांना फोन करा. सेवेची हाक कशी आली, कुठल्या कामात जीव रमतो, ते विचारा. त्यातली एकच गोष्ट, त्यांना विचारून, सांगा. बायोडेटा नोटीस बोर्डावर लावा.

जुन्या पाळकांचं नाव जरूर घ्या. टाळलंत तर तेच जास्त खुपेल. आभाराचं एक वाक्य पुरे, फक्त "त्यांच्यासारखेच" हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका.

प्रतिसाद
मी पाळकाची पत्नी आहे म्हणून लिहिते. आमच्या स्वागताच्या दिवशी माईकवरून जाहीर झालं की शब्बाथशाळा (मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा) आता बाई बघतील. मला कोणी विचारलंही नव्हतं. पुढे नाही म्हणायला फार जड गेलं. त्यांचं नाव नीट उच्चारा, त्या काय काम करतात ते सांगा, आणि तिथेच थांबा. मुलं असतील तर त्यांना पुढे बोलावून उभं करू नका, प्लीज.

प्रतिसाद
वर बर्णबाचा दाखला आलाय, त्याला रोमकरांस 16 जोडतो. पौल पत्रात फिबी या मंडळीतल्या सेविकेची ओळख देताना ती कोण एवढ्यावर थांबत नाही. तिचं स्वागत करा, तिला लागेल ती मदत करा, असं लोकांनाही काम देतो. प्रेस्बिटेरियन पंथाच्या स्थापनाविधीत पाळकांसारखेच मंडळीलाही प्रश्न विचारतात, ते याचसाठी. शेवटी सगळ्यांना उभं करा, आणि जे नाराज आहेत त्यांच्यातल्याच एखाद्या ज्येष्ठाला पाळकांसाठी प्रार्थना करायला सांगा. आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन विचारा, ऐनवेळी नको.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. फोन झाला. आजाऱ्यांच्या उशाशी बसणं त्यांना सगळ्यात प्रिय, तासन्‌तास बसतात म्हणे. आमच्याकडे घरात खिळून असलेले बरेच जण आहेत, त्यामुळे हेच सांगणार. प्रार्थनेसाठी कोणाकडे जायचं तेही ठरलं. एकच राहिलं: ओळख उपदेशाआधी ठेवावी की आशीर्वादाच्या आधी?