प्रतिसाद: वीज आहे, वाट नाही

नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेत भरपूर वीज खाणारी डेटा सेंटरं (सर्व्हरची केंद्रं) वाढताहेत, तेव्हा वीजनिर्मिती वाढवा, असं म्हटलं जातं; ते मला अपुरं वाटतं. अडचण वीज आणण्याच्या वाटेची आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला पडघे-कळवा मार्गावर एका वीजवाहिनीची दुरुस्ती सुरू असताना दुसरी बंद पडली आणि मुंबई-ठाणे-नवी मुंबई अंधारात गेली! मुंबईत वीज आणणारी खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी त्यानंतर, २०२३ मध्ये सुरू झाली.

डेटा सेंटर दोन-तीन वर्षांत उभं राहतं. वाहिन्यांच्या मनोऱ्यांना मात्र जागा, वनखात्याची मंजुरी, कांदळवनासाठी उच्च न्यायालयाची परवानगी, सगळंच लागतं (आणि खाडीकाठी ते लागायलाच हवं). म्हणून महापारेषणच्या (राज्याच्या वीजवहन कंपनीच्या) आराखड्यातले वाहिन्यांचे मार्ग सिडको-महापालिकेच्या विकास आराखड्यात आधीच राखून ठेवा. इमारती उभ्या राहिल्यावर जागा कुठून आणणार?