अनुभव धागा : तुमच्याकडं मालकानं विचारायला कधी सुरुवात केली?

'मालक म्हणतील तसं' हे वाक्य सांगली-साताऱ्याकडं सगळ्यांनी ऐकलंय, काहींनी ऐकवलंय. ज्यांच्याकडं हुकूम सुटून विचारणं सुरू झालं, त्यांनी नेमकं काय घडलं ते लिहा. उपदेश नको. माझ्यापासून सुरुवात.

कुपवाड, मशीन शॉप
वडिलांच्या माघारी शॉप मी हुकमावरच चालवलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि मी गावभागात माडीवर अडकलो. कुपवाड कोरडं होतं. मिरजेकडची पोरं कामाला आलेली, लाइट होती. तरी एक मशीन पाच दिवस बंद. का, तर इन्सर्टची (मशीनमधल्या कापणाऱ्या पात्याची) धार गेलेली आणि नव्या इन्सर्टच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला! "कुलूप तोडायचं की रे," नंतर मी ओरडलो. जुना ऑपरेटर म्हणाला, "मागं एकदा न विचारता घेतला, तर पगारातनं कापलाय तुम्ही." मला ते आठवतसुद्धा नव्हतं.

आता किल्ली खिळ्याला, शेजारी वही. पहिले दोन महिने इन्सर्टचा खर्च वाढला, खोटं कशाला सांगू. मग पोरांनीच वही चाळून कुठल्या जॉबला जास्त लागतात ते काढलं.

मिरज, निवृत्त शिक्षक
लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांचा १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेला शाळकरी मुलांवरचा प्रयोग हेच दाखवतो. हुकमी नेता खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं, विचारून चालवणाऱ्याच्या गटात चालू राहायचं. पण नेता समोर असताना हुकमी गट कामात मागं नव्हता. म्हणून तर मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

तासगाव, बेदाणा शेड
सासरे सांगतील त्या दिवशी जाळीवरनं माल झाडायचा, अशी रीत. एका हंगामात ढगाळ हवा, व्यापाऱ्याची घाई. कामावरची मावशी म्हणाली, "आण्णा, मुठीत दाबला की गोळा हुतोय, अजून ओला हाय." तिला गप्प केलं. कोल्ड स्टोरेजमधनं बॉक्स काढले तर आत ढेप! सौद्यात मालाचा भाव पार पडला. आण्णा 'चुकलो' म्हणाले नाहीत, अजूनही नाहीत. पण पुढच्या वर्षी झाडणीआधी तिच्यापुढं ओंजळ धरली, "बघ गं जरा."

सातारा, कंदी पेढे
माझं मत वेगळं. कढईत खवा भाजताना मतं घेत बसलो तर करपतो. तिथं एकाचाच शब्द. सुट्ट्यांचं मात्र कारागीर आपसात ठरवतात, दिवाळी सोडून.

सातारा एमआयडीसी, कामगार
आमच्या साहेबांनी दर सोमवारी मीटिंग चालू केली, 'मोकळेपणानं बोला'. तीन सोमवार सगळे चहाच्या कपात बघत बसलो. चौथ्याला एकानं पंखा मागितला, मिळाला. मग मी ओव्हरटाइमचा दर विचारला. पुढच्या सोमवारी ऑर्डरची गडबड होती म्हणे. ती गडबड अजून चालूच आहे.