मदत हवी आहे: क्लेब्श-गॉर्डनमधलं उणे चिन्ह कोणत्या पदाला?

नमस्कार. मी परभणीत घरीच नेट परीक्षेची तयारी करतेय, क्वांटम विचारायला जवळ कुणी नाही.

इलेक्ट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग एल = १ आणि स्पिन १/२ यांची बेरीज करतेय. एकूण कोनीय संवेग म्हणजे जे, त्याचा एका अक्षावरचा घटक एम, आणि या बेरजेत येणारे गुणांक म्हणजे क्लेब्श-गॉर्डन. जे = ३/२ च्या ४ आणि जे = १/२ च्या २, म्हणजे ६ अवस्था; हिशोब जुळतो. प्रॅक्टिकलला सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या पिवळ्या रेषा बघितल्या होत्या, त्या या दोन जे मुळेच वेगळ्या, हे कळल्यावर फार आनंद झाला.

सगळ्यात वरच्या अवस्थेला उतरता ऑपरेटर (एम एकानं कमी करणारा) लावून जे = ३/२, एम = १/२ काढली. (एल चा एम ०, स्पिन वर) याला √(२/३), (एल चा एम १, स्पिन खाली) याला √(१/३).

अडलंय पुढं. जे = १/२ ची अवस्था हिला लंब हवी, म्हणून एक पद उणे. पण कोणतं? क्लेब्श-गॉर्डनच्या तक्त्यात √(१/३) उणे आहे, माझ्या जुन्या वहीत √(२/३). पूर्ण अवस्थेला −१ नं गुणलं तरी भौतिकी तीच राहते, एवढं कळतं. वहीत स्पिन आधी आणि एल नंतर घेतलाय. त्या क्रमामुळंच चिन्ह उलटलं का? कॉन्डन-शॉर्टली संकेत (चिन्ह ठरवायची रूढ पद्धत) इथं नेमका कसा लावायचा?

कुणी एवढं एकच उदाहरण करून दाखवा ना. वहीच्या पानाचा फोटो टाकला तरी चालेल.