डान्स थिएटर ऑफ हार्लेम: प्रत्येकीच्या बुटांचा रंग वेगळा का?

पडद्याआड: न्यूयॉर्कच्या या, मुख्यतः कृष्णवर्णीय नर्तकांच्या बॅले कंपनीच्या चित्रफितींत प्रत्येक नर्तिकेचे टाइट्स आणि पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे कडक टोकाचे बूट) तिच्या त्वचेच्या छटेचे दिसतात. इतरत्र परंपरेनं गुलाबी. यामागे फक्त वैचारिक भूमिका आहे, की दिसण्यातही फरक पडतो? आणि साटीन रंगवताना बुटाचा कडक भाग ओला होऊन बिघडत नाही का?

तिसरीघंटा: दिसण्यात फरक पडतो, आणि मोठा. बॅलेत कंबरेपासून अंगठ्यापर्यंत एक अखंड रेघ दिसायला हवी. गोऱ्या पायांवर गुलाबी टाइट्स ती रेघ लांबवतात. सावळ्या-काळ्या नर्तिकेवर तेच टाइट्स घातले की पाय धडापासून वेगळे वाटतात. आर्थर मिचेलनी कारेल शूकसोबत 1969 मध्ये कंपनी काढली आणि सत्तरच्या दशकात हा बदल केला. स्वतः मिचेल न्यूयॉर्क सिटी बॅलेत प्रमुख नर्तक होते, त्यामुळे रेघेचं महत्त्व त्यांना कुणी सांगायला नको होतं.



साटीन_सुई: रंगवण्याबद्दल. याला ‘पॅनकेकिंग’ म्हणतात, कारण वापरतात तो चेहऱ्याचा मेकअपच: फाउंडेशन किंवा पॅनकेक. बूट रंगात बुडवायचा नाही. पुढची ‘बॉक्स’ कापड, कागद आणि खळीचे थर देऊन बनते. पाणी मुरलं की खळी सुटते आणि नवा बूटही लगेच मऊ पडतो.

आधी रिबिनी आणि इलॅस्टिक शिवून घ्या, म्हणजे सगळ्याला एकच छटा येते. स्पंज घट्ट पिळून पातळ हात द्या, वाळू द्या, मग दुसरा. एकदम जाड थर दिला तर पाऊल वाकतं तिथे तडे जातात आणि आतलं गुलाबी साटीन डोकावतं. छटा टाइट्स घातलेल्या पायाशी जुळवा, उघड्या पायाशी नाही, आणि रंगमंचाच्या दिव्यांखाली बघा. अर्धवट वाळलेला रंग जोडीदाराच्या पोशाखाला लागतो, म्हणून आदल्या रात्रीच उरकलेलं बरं.

प्रमुख भूमिकेत एका प्रयोगात एक जोडी सहज संपते. म्हणजे हे काम कायमचंच मागे लागलेलं.

पडद्याआड: आता तयार मिळत नाहीत?

साटीन_सुई: मिळतात. बॅलेचे बूट बनवणाऱ्या फ्रीड ऑफ लंडननी 2018 मध्ये, ब्रिटनच्या ‘बॅले ब्लॅक’ या नृत्यकंपनीसोबत, दोन तपकिरी छटा आणल्या. पण दोन छटांत सगळ्या त्वचा कुठून बसणार? त्यामुळे स्पंज सुटलेला नाही.

तिसरीघंटा: वारसा फक्त बुटांत शोधू नका. ‘जिझेल’ या जुन्या बॅलेचं या कंपनीनं केलेलं 1984 चं रूप, ‘क्रिओल जिझेल’ बघा: कथा 1840 च्या दशकातल्या अमेरिकेच्या लुइझियानात नेली आणि पात्रांचा सामाजिक दर्जा ठरवला तो घराणं गुलामगिरीतून किती आधी मुक्त झालं यावर. नृत्याची पावलं मात्र बहुतांश परंपरेतलीच. अडचण एवढीच की असल्या बॅलेला मोठा नर्तकसमूह लागतो. 2004 मध्ये कर्जामुळे मुख्य कंपनी थांबली (शाळा सुरू राहिली), आणि 2012 मध्ये ती परतली तेव्हा नर्तक होते 18. एवढ्यांत ‘जिझेल’च्या दुसऱ्या अंकातल्या विलींची (प्रेमात फसवल्या गेलेल्या तरुणींच्या भुतांची) रांग भरत नाही.