क्वॉरी, लाइल, यंग म्हणे 'भरतीचे'!

डावखुरा (धागाकर्ता)
परवा बॉक्सर उसिकच्या धाग्यावर 'आकडेमोड' जाता जाता लिहून गेले : "सत्तरच्या दशकातले हेवीवेट चॅलेंजर (जगज्जेत्याला आव्हान देणारे) म्हणजे म्हाताऱ्यांच्या आठवणींनी फुगवलेले फुगे. अलीनं आणि फ्रेझियरनं ज्यांना हरवलं ते आपोआप मोठे झाले. क्वॉरी आजच्या पहिल्या विसांतही दिसला नसता. भरतीचा माल." दोन दिवस गप्प बसलो. बायको म्हणाली, पोरांच्या नादी कशाला लागता. पण काल रात्री झोप येईना, म्हणून हा वेगळा धागा.

जेरी क्वॉरी. ५३ विजय, ९ पराभव, ४ बरोबरी. त्या नऊ पराभवांची नावं एकदा वाचा तरी. अली दोनदा, फ्रेझियर दोनदा, नॉर्टन, एलिस. हे सहा पराभव जगज्जेत्यांकडून (नॉर्टनला पट्टा पुढे मिळाला, मान्य). राहिले तीन : सुरुवातीच्या काळातला मॅकन, शुव्हालो, आणि १९९२ मध्ये शरीर संपल्यावर केलेला एक वेडेपणा. आता जिंकला कोणाशी ते बघा. १९७० मध्ये मॅक फॉस्टर आला तो २४ पैकी २४ नॉकआउट घेऊन. सहाव्या फेरीत गारद. १९७३ च्या फेब्रुवारीत रॉन लाइल, तोवर एकही लढत न हरलेला. बारा फेऱ्या नीट शिकवणी घेतली त्याची. त्याच डिसेंबरात शेव्हर्स, ज्याच्या ठोशाच्या गोष्टी तुमची पिढी रील करून फिरवते. पहिल्याच फेरीत खलास!

याला भरतीचा म्हणत असाल तर अस्सल कोण, तेही सांगा.

आकडेमोड
काका, राग समजू शकतो, पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. क्वॉरीनं लाइलला हरवलं म्हणून क्वॉरी मोठा. लाइल का मोठा? त्यानं शेव्हर्सला झोपवलं म्हणून. शेव्हर्स का मोठा? त्यानं १९७९ मध्ये नॉर्टनला एका फेरीत उडवलं म्हणून. नॉर्टन का मोठा? त्यानं क्वॉरीला हरवलं. वाड्यातल्या चार बिऱ्हाडांनी एकमेकांना दाखले द्यावेत तसं आहे हे.

आणि शेव्हर्सचं तर बोलूच नका. क्वॉरीसमोर उभा राहिला तेव्हा चाळीसवर विजय नावावर, त्यातले बहुतेक कुणाविरुद्ध? नावं वाचून दाखवा, मी चहा पाजतो.

शिवाय वजन. क्वॉरी सहा फुटांचा, दोनशे पौंडांच्या आसपास. आज तो हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटात लढला असता. तो गटच तेव्हा नव्हता. अलीकडचा जगज्जेता फ्युरी सहा फूट नऊ इंच, अडीचशेच्या वर. क्वॉरीचा जॅब (सरळ ठोसा) पोचणार कुठे? बरगडीला?

डावखुरा
अहो, ज्या उसिकच्या धाग्यावर तुम्ही हे लिहिलंत तो कुठल्या गटातून आला? क्रूझरवेटमधूनच ना? त्याच फ्युरीला त्यानं २०२४ मध्ये मे आणि डिसेंबरात, दोनदा हरवलं. बरगडीला नव्हे.

आकडेमोड
उसिक सहा फूट तीन इंच, सव्वादोनशेच्या जवळपास. आणि उसिक उसिक आहे. एका अपवादावर नियम उभा करू नका.

सातासमुद्रापार
टोरोंटोहून. शुव्हालोचं नाव नुसतं यादीत टाकून पुढे गेलात, डावखुरेसाहेब, म्हणून लिहितोय. डिसेंबर १९६९, क्वॉरी पुढे होता, सातव्या फेरीत पडला, एका गुडघ्यावर बसून पंचाची दहापर्यंतची मोजणी ऐकत राहिला आणि उठायचंच चुकलं. दहा झाल्यावर उठून पंचाशी भांडला. आमच्या कॅनडाच्या माणसाची, शुव्हालोची, नोंद : ९३ लढती, एकदाही पडला नाही. फ्रेझियर नि पुढे जगज्जेता झालेल्या फोरमननं थांबवला तोही उभ्या उभ्या. १९६६ मध्ये अलीबरोबर पंधरा फेऱ्या, इथेच, मेपल लीफ गार्डन्समध्ये.

मी इथे आलो तेव्हा शेजारचा म्हातारा बर्फ ओढता ओढता ही लढत रोज सांगायचा. फावडं बाजूला ठेवून ठोसे कसे बसले ते दाखवायचा, निम्मा बर्फ माझ्या अंगणात.

आकडेमोड
म्हणजे न पडणं हे कौशल्य? माझ्या सोसायटीचा जिनाही कधी पडला नाही.

तिसरी घंटा
आकडेमोड, तोंड सांभाळून. मी सैन्यात असताना पाच वर्षं युनिटकडून लढलोय. ठोसा खाऊन उभं राहणं म्हणजे काय, ते जिन्यावर बसून कळत नाही.

पण खरं भांडण डावखुऱ्यांशी आहे. त्या काळचा सगळ्यात हुशार चॅलेंजर तुम्ही शीर्षकात घालून विसरलात : जिमी यंग. ३० एप्रिल १९७६, लँडोव्हर, मेरीलँड. अली २३० पौंडांचा, पोट सुटलेलं. यंगनं त्याला पंधरा फेऱ्या चुकवलं. निकाल अलीला दिला. मी ती लढत तीनदा गुण मांडून पाहिली, तिन्ही वेळा यंग. पुढच्या वर्षी सान हुआनमध्ये फोरमनला बाराव्या फेरीत पाडून हरवलं, त्या रात्री कपडे बदलायच्या खोलीत फोरमनला देव दिसला आणि तो दहा वर्षं रिंगकडे फिरकला नाही. लाइलला यंगनं दोनदा हरवलंय. ठोशात दम नव्हता, तरी एवढं. हा भरतीचा?

शाहूपुरी
घंटा, तुमचा यंग अलीसमोर रिंगच्या दोरातून डोकं भाईर काढून उभारत होता की! एकदा न्हवं, पाच-सहा बार. एकदा तर पंचानं मोजायलाच सुरुवात केली. आमच्याकडं आखाड्याभाईर पळणाऱ्याला काय म्हणत्यात ते इथं लिहिता यायचं न्हाई. म्हणं हुशार!

तिसरी घंटा
दोरातून डोकं काढलं म्हणून पंचानं त्याला बाद नाही केलं. अली जवळ आला की मारामारी थांबवायची, दम घ्यायचा, पुन्हा मध्यावर यायचं. डोकं आहे म्हणून बाहेर काढता येतं.

शाहूपुरी
निकाली कुस्ती लावल्यावर गुणांची भाषा बोलायची न्हाई. जगज्जेत्याकडनं पट्टा घ्यायचाय तर हिसकावून घ्यावा लागतोय. दोराभाईर मुंडी घालून कुणी पट्टा दिलाय?

डावखुरा
विषय क्वॉरीचा आहे.

तिसरी घंटा
विषय गेला खड्ड्यात. शाहूपुरी, ऐका. मी बावीस वर्षांचा असताना हेच केलं होतं. समोरचा माझ्याहून पंधरा किलो जड, दुसऱ्या फेरीत भुवई फुटलेली, रक्त डोळ्यात. डोकं बाहेर काढलं. उस्ताद खालीच उभे होते, बोटभर व्हॅसलिन हातात. माझं तोंड त्यांच्या तोंडासमोर आलं. म्हणाले, "आलाच आहेस तर भुवई इकडे कर." तिथल्या तिथे जखमेत व्हॅसलिन भरलं आणि मला आत ढकललं. तिसरी फेरी मी काढली. निकाल मात्र लागला एका साहेबांच्या भाच्याच्या बाजूनं. सात टाके पडले, चषक त्याच्या घरी. म्हणून अली-यंगचा निकाल पाहिला की माझी भुवई ठणकते. पंच नाव बघून गुण देतात, तेव्हाही आणि आताही.

शाहूपुरी
रिंगमधल्या गड्याला भाईरनं औषध लावणं तरी नियमात बसतंय का? तुमाला तिथंच बाद करायला पायजे हुतं. 😄 भाच्याचं मातुर वंगाळ झालं.

सातासमुद्रापार
यंगबद्दल घंटा बरोबर आहेत. पण दोर नसते तर अलीनं त्याला पाडलं असतं का, हा वेगळा धागा काढा. इथं पंचवीस प्रतिसाद होतील.

(झालेच. दोराबाहेरच्या डोक्यावरचे एकोणीस प्रतिसाद संपादकांनी 'खेळातले नियम' या धाग्यात हलवले आहेत.)

आत्याबाई
दोन दिवस वाचतेय. कोण पहिल्या विसांत, कोण बाहेर. क्वॉरी १९९९ मध्ये गेला तेव्हा ५३ वर्षांचा होता, डोक्यावर खाल्लेल्या ठोशांनी आलेल्या स्मृतिभ्रंशानं. शेवटी भाऊ घास कापून भरवायचा. दुसरा भाऊ माइक, लाइट हेवीवेट, २००६ मध्ये त्याच आजारानं गेला. जून १९७२ मध्ये लास व्हेगासला एकाच रात्री दोघं हरले होते, एक अलीकडून, एक बॉब फॉस्टरकडून. तीही लढत बघा गुण मांडून.

माझे मामा खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागले होते. निवृत्तीनंतर एका बैठकीत तीनदा विचारायचे, "चहात साखर घातली का गं?" मामी तिन्ही वेळा हो म्हणायची. साखर एकदाच घातलेली असायची.

आकडेमोड
मामांचं वाईट वाटलं. खरंच. पण आत्या, प्रश्न कोण किती चांगला होता हा आहे. भावना आणल्या की चर्चा संपते.

आत्याबाई
चर्चा कुठे संपतेय, तीच बघत बसलेय. बचावात माणूस किती चांगला होता ते त्याच्या म्हातारपणावरून कळतं. हा तुमच्या तक्त्यातला रकाना नाही वाटतं?

डावखुरा
हे मला लागलं, खोटं का बोलू. क्वॉरी मुळात समोरच्याच्या चुकीची वाट पाहून मारणारा. मॅक फॉस्टर, लाइल, शेव्हर्स असेच हरले. पण गर्दी ओरडली, किंवा समोर फ्रेझियर आला, की हा डोकं पुढे करून भिडायचा. १९६९ च्या त्या लढतीत पहिल्या फेरीत काय भिडलाय! सातव्या फेरीनंतर डोळा बंद. १९७० मध्ये अटलांटाला, साडेतीन वर्षांनी परतलेल्या अलीपुढे, तिसऱ्या फेरीत भुवई फाटली. लढत थांबवली तर हाच ओरडत होता, थांबवू नका म्हणून. म्हणजे आत्याबाईंचा रकाना धरला तर माझा क्वॉरी खाली जातो.

तिसरी घंटा
आणि यंग वर. डोकं बाहेर काढायचा तो.

आत्याबाई
घंटासाहेब, यंगही ५६ व्या वर्षी गेला. त्याआधी न्यायालयात वकिलानं मेंदूच्या दुखापतीचंच कारण मांडलं होतं.

तिसरी घंटा
...

शाहूपुरी
मग सगळ्यात भारी आपला बॉक्सर कौर सिंग. १९८० मध्ये दिल्लीत अलीबरोबर प्रदर्शनी लढत खेळला नि घरला आला. दोन वर्षांनी आशियाई सुवर्ण.

तिसरी घंटा
फौजेतला माणूस. त्याच्यावर विनोद नको.

शाहूपुरी
विनोद न्हाई वो. त्यो हौशी गडी, अलीनं त्याला मोकळा हात कुठं मारला असंल. त्याच दौऱ्यात मद्रासलाबी अली लढला, समोर जिमी एलिस. १९६८ मध्ये ओकलंडला क्वॉरीला हरवून पट्टा घेतल्याला एलिस! म्हंजे डावखुरेसाहेब, तुमच्या क्वॉरीला हरवणारा गडी भारतात येऊन गेला आणि तुमी बघायला गेला न्हाईसा.

डावखुरा
मद्रासला जायला तेव्हा खिशात बसभाडंही नव्हतं राव.

आकडेमोड
बरं, काल रात्री क्वॉरी-लाइल बाराच्या बारा फेऱ्या पाहिल्या. उद्या ऑफिस असताना. लाइल अंगानं मोठा, आणि तरी क्वॉरी दोरावर पाठ टेकून त्याला बोलावतोय, ठोसा खांद्यावरून घालवतोय आणि डाव्या हुकनं (वळवून मारलेल्या ठोशानं) परत करतोय. शेव्हर्स मी मागे घेत नाही. तुमच्यापैकी कुणीही त्याच्या त्या चाळिसांतली दहा नावं सांगितलेली नाहीत, चहा शिल्लक आहे. लाइलबद्दल मात्र थोडं चुकलो असेन. १९७५ मध्ये दहा फेऱ्यांनंतरही अलीच्या मागे नव्हता, आणि पुढच्या जानेवारीत फोरमनला एका फेरीत दोनदा पाडणं हे भरतीचं काम नाही. तुरुंगात शिकून तिशीत व्यावसायिक झालेला माणूस!

क्वॉरी : आजच्या विसांत. दहांत नाही.

डावखुरा
कितवा?

आकडेमोड
सतरावा.

डावखुरा
सोळावा कोण?

आकडेमोड
काका, झोपा आता.

शाहूपुरी
आणि यंग?

आकडेमोड
यादीत आहे. डोकं तेवढं बाहेर आहे.