१९०८ चा टिळकांवरचा खटला: ज्यूरीने ‘केसरी’ वाचला कसा?

आमराई_वाई: मुलीला वर्गात या खटल्यावर बोलायचंय. तिने विचारलं, “बाबा, नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपियन होते ना? मग मराठी अग्रलेख त्यांनी वाचला कसा?” मला उत्तर देता आलं नाही.

निवृत्त_दुभाषी: मुलीने नेमकी दुखरी जागा दाबली. त्यांच्यापुढे सरकारी भाषांतर होतं. कोर्टात भाषांतरं करण्यात माझी नोकरी गेली, म्हणून हा खटला मला फार लागतो.

राजद्रोहाचा आरोप ‘केसरी’तल्या दोन लेखांवर होता: १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. मुजफ्फरपूरला ३० एप्रिलला क्रांतिकारकांचा बॉम्ब पडला होता. दडपशाहीने हे थांबणार नाही, असं टिळक बजावत होते. बजावणं आणि धमकावणं यांत भाषांतरकाराच्या एका शब्दाचं अंतर असतं. वकील न देता टिळकांनी स्वतः सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दावर अडले, मग ज्यूरीपुढे २१ तासांहून जास्त बोलले. निकाल सात विरुद्ध दोन: दोषी.

एकदा एका जबाबात ‘चीड’ होतं, मी इंग्रजीत ‘द्वेष’ करून ठेवला. रात्री दोनला लक्षात आलं. सकाळी शिपायाच्याही आधी दारात उभा होतो.

खडूफळा: टिळकांवर १८९७ लाही राजद्रोहाचा खटला झाला होता, तेही सांगा तिला. न्या. स्ट्रेचींनी तेव्हा ज्यूरीला सांगितलं, अप्रीती (राजद्रोहाच्या कलमातला ‘disaffection’) म्हणजे प्रीतीचा अभाव! सरकारवर प्रेम नाही, हाच गुन्हा. दीड वर्षाची सजा झाली. तेव्हा टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले दावर १९०८ ला न्यायाधीश होते. सहा वर्षांची सजा त्यांनीच सुनावली.

निवृत्त_दुभाषी: आणि ‘काळ’ साप्ताहिकाचे संपादक शि. म. परांजपे! १९०८ च्याच जुलैत त्यांना १९ महिन्यांची सजा झाली. त्यांची सगळी धार वक्रोक्तीत. स्तुतीच्या आड लपलेला टोला इंग्रजीत नेताना मी तरी हात टेकले असते.

आमराई_वाई: तिला वाचून दाखवलं. मुंबई उच्च न्यायालयात टिळकांच्या शब्दांचा फलक आहे म्हणे, तो मराठीत आहे का?

निवृत्त_दुभाषी: इंग्रजीत. कोर्टात ते इंग्रजीतच बोलले होते. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्याचं अनावरण केलं. तिला म्हणावं, तू स्वतः मराठी कर आणि इथे टाक. मी तपासून देतो. मूळ मजकूर मात्र शेजारी हवा.