नवेगावबांध ट्रिप : स्पीकर कोणी लिहिला यादीत?

कापगते ताई (बी-२०४): नमस्कार सर्वांना. रविवारच्या ट्रिपची यादी आत्ता बघितली. स्वेटर, दुर्बीण, बिस्किटं इथपर्यंत ठीक आहे. नंबर ११ ला "मोठा स्पीकर (फुल चार्ज)" हे कोणी लिहिलं?

कापगते ताई (बी-२०४): आणि १२ ला "स्काय शॉट एक बॉक्स"???

रोहित (सी-३०२): ताई ते मी लिहिलं, पप्पांची साठी त्याच दिवशी येऊन राहिली ना, तलावाच्या काठावर केक कापू, दोन गाणे लावू, बस. कोणाला त्रास नाही

कापगते ताई (बी-२०४): पप्पांना माझ्याकडून आधीच शुभेच्छा. पण तो व्याघ्र प्रकल्प आहे, लॉन नाही. मागच्या वेळी बस गेटवर पाऊण तास उभी होती आणि गार्डची माफी कोणी मागितली ते सगळ्यांना माहीत आहे. मी परत मागणार नाही.

देशमुख काका (ए-१०१): चर्चा सौम्य भाषेत व्हावी ही विनंती 🙏

पाठक काका (ए-४०२): वाघ दिसेल ना?

वैद्य काकू (ए-३०१): 🌹🌹शुभ सकाळ🌹🌹 तर्री पोहे मी करून आणते पण तर्री वेगळ्या डब्यात, मागच्या वेळी सीटवर सांडली आणि नाव माझं आलं

चौधरी भाऊ (सी-१०३): ट्रिप चांगली गोष्ट आहे. फक्त विचारतो, सी विंगची पाण्याची टाकी साफ कधी होणार? जून मध्ये ठरलं होतं. आता डिसेंबर आहे.

इंगळे (ट्रेझरर): चौधरी भाऊ तो विषय वेगळा आहे. ज्यांचे पैसे बाकी आहेत त्यांनी आज रात्रीपर्यंत पाठवा. ४ जण बाकी. नावं टाकत नाही. सध्या.

रोहित (सी-३०२): ताई नॅचरल लेक आहे, एवढा मोठा, एका कोपऱ्यात हळू आवाजात लावलं तर काय फरक पडणार

कापगते ताई (बी-२०४): नॅचरल नाहीये तो!! हेच तर. रीलमध्ये नॅचरल म्हणतात म्हणून नॅचरल होत नाही. माणसांनी बांधलाय, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, कोलू पाटील कोहळी यांनी. आमचे कोहळी लोक तलाव बांधणारे म्हणूनच ओळखले जायचे, तलाव बांधायचा आणि खाली ऊस आणि धान करायचं. गोंड राजांच्या वेळी जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळायची असं जुने लोक सांगतात. तलावाभोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी, त्यांनी बांध पुरा करायला हात लावला अशी मान्यता आहे, आणि कोलू पाटलांचाच पुढे कोलासूर देव झाला, टेकडीवर त्यांचं ठाणं आहे. माझं माहेर साकोलीकडचं. लहानपणी आजोबा त्या बाजूला गेलो की चपला काढायला लावायचे. आणि तिथे तुम्ही स्काय शॉट लावणार.

रोहित (सी-३०२): हे माहीत नव्हतं ताई. सिरीयसली

पाठक काका (ए-४०२): माहिती छान 👌 वाघाचं काय?

देशमुख काका (ए-१०१): कापगते ताईंनी उत्तम सांगितले. भर घालतो, मी नोकरीत असताना त्या भागात ४ वर्षे होतो. पूर्व विदर्भात असे तलाव ६ हजारांच्या वर आहेत, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून. त्यांना मामा तलाव म्हणतात.

वैद्य काकू (ए-३०१): कोणाच्या मामाचे?

देशमुख काका (ए-१०१): माजी मालगुजारी. मा. मा. मालगुजार म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारे गावचे जमीनमालक.

इंगळे (ट्रेझरर): 😂😂 मला पण आत्तापर्यंत मामाच वाटत होतं, आजोळच्या बाजूला आहे म्हणून

रोहित (सी-३०२): मामाच्या गावाला जाऊया 🚂

कापगते ताई (बी-२०४): विषय बदलू नका.

देशमुख काका (ए-१०१): मालगुजार असताना गावाने मिळून गाळ काढायचा, पाळ म्हणजे तलावाचा बांध दुरुस्त करायची, पाणी कोणाच्या बांधीत (धानाच्या शेतात) आधी जाणार तेही ठरलेले असायचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही, पण तलाव सरकारजमा झाले आणि गावाला वाटले आता सरकार बघेल. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे पाटबंधारेकडे. मधल्या मधे बऱ्याच तलावांत गाळ भरला आणि बेशरम माजली.

चौधरी भाऊ (सी-१०३): म्हणजे सगळे म्हणून राहिले होते की दुसरा करेल. हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतं. टाकी.

इंगळे (ट्रेझरर): चौधरी भाऊ प्लीज

चौधरी भाऊ (सी-१०३): मी फक्त तलावाबद्दल बोलून राहिलो साहेब

वैद्य काकू (ए-३०१): बेशरम कोणाला म्हटलं??

देशमुख काका (ए-१०१): वैद्य ताई, ती वनस्पती आहे. जांभळट फुलांची. पाण्याच्या काठाने वाढते, कुठेही तोडून टाकली तरी पुन्हा उगवते, म्हणून ते नाव.

वैद्य काकू (ए-३०१): बरं. कारण मागच्या मीटिंगमध्ये पण एकाने म्हटलं होतं आणि ती वनस्पती नव्हती

इंगळे (ट्रेझरर): हा मेसेज डिलीट केला आहे

वैद्य काकू (ए-३०१): मी वाचला.

पाठक काका (ए-४०२): २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या होत्या ना, मग नवेगाव नागझिरा एकच प्रकल्प आहे, म्हणजे चान्स आहे. जिप्सी बुक झाली का? वाघ दिसणार नसेल तर मी माझ्या सीटचा विचार करतो.

कापगते ताई (बी-२०४): काका, राष्ट्रीय उद्यान १९७५ चं आहे आणि व्याघ्र प्रकल्प २०१३ ला झाला. तलाव दोन्हीच्या कितीतरी आधीचा. आपण रविवारी तलावाला जाऊन राहिलो, सफारीला नाही. सफारीचं गेट वेगळं, गाडी वेगळी, गाईड घ्यावा लागतो, त्याचं बुकिंग वेगळं. ज्यांना करायचं त्यांनी करा. बाकीच्यांनी सकाळी पाळीवर उभं राहून गप्प बसायचं आहे. हिवाळ्यात बाहेरून आलेली बदकं असतात, ती काठावरची माणसं ओरडली की उडून मधल्या पाण्यात जातात, मग तुमची दुर्बीण काय करणार.

रोहित (सी-३०२): सारस दिसतील का? मुलीच्या प्रोजेक्टला पाहिजे

कापगते ताई (बी-२०४): सारस गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत आणि तलावांवर जास्त. नवेगावला दिसेलच असं नाही सांगत. खोटं कशाला सांगू.

देशमुख काका (ए-१०१): मारुती चितमपल्ली साहेब वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला बरीच वर्षे होते. पक्ष्यांची नावे ते तिथल्या ढीवर (मासेमारी करणारे) आणि गोंड लोकांकडून टिपून घेत असत. नुसते बसून ऐकायचे. आपल्याला एक दिवस जमेल असे वाटते.

इंगळे (ट्रेझरर): काका तुम्हाला जमेल, बसमध्ये १४ पोट्टे आहेत 🙏

रोहित (सी-३०२): येताना प्रतापगड करू का? जवळच आहे म्हणे. पण तो तर साताऱ्याकडे ना?

कापगते ताई (बी-२०४): तो वेगळा. हा आपला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. महाशिवरात्रीला मोठी यात्रा असते, महादेव आणि दर्गा दोन्ही आहेत, लोक दोन्हीकडे जातात. त्याच बाजूला गोठणगावला तिबेटी लोकांची वस्ती आहे. पण एका दिवसात सगळं कोंबू नका, १३०-१४० किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं आहे, साकोलीला चहा झाला की सरळ तलाव.

वैद्य काकू (ए-३०१): तिबेटी म्हणजे स्वेटर मिळतील का तिथे?

पाठक काका (ए-४०२): स्वेटर मिळाले तरी चालतील. पण वाघ?

चौधरी भाऊ (सी-१०३): टाकीत काल शेवाळ आलं नळातून. फोटो टाकतो.

चौधरी भाऊ (सी-१०३): 📷

वैद्य काकू (ए-३०१): अहो जेवायच्या वेळी 🤢

रोहित (सी-३०२): हे बघा मी स्पीकर कॅन्सल करतो. पण पप्पांनी दोन महिन्यांपासून प्लेलिस्ट बनवून ठेवली आहे, सगळी जुनी गाणी, त्यांना काय सांगू. ताई तुम्ही सांगा त्यांना.

कापगते ताई (बी-२०४): मी सांगते. त्यांना म्हणाव, साकोलीपर्यंत बसमध्ये पाहिजे तेवढी लावा, मी पण म्हणेन सोबत. साकोलीनंतर बंद. केक पण साकोलीला कापू, माझ्या भावाचं घर रस्त्यावरच आहे, वहिनी ओवाळेल त्यांना. आणि आई म्हणाली आहे शिंगाडे उकडून ठेवते.

रोहित (सी-३०२): डन ताई 🙏 ११ आणि १२ नंबर काढले

इंगळे (ट्रेझरर): सुधारित यादी : १) स्वेटर २) दुर्बीण ३) बिस्किटं ४) कचऱ्याची पिशवी (ज्याची त्याने) ५) तर्री वेगळ्या डब्यात. बस सकाळी ५ वाजता, मागचं गेट. एकूण ३१ जण. पैसे बाकी अजून ४.

पाठक काका (ए-४०२): ३० करा. मी नाही. जिप्सी नाही तर मजा नाही.

पाठक काका (ए-४०२): शिंगाडे किती आहेत?

कापगते ताई (बी-२०४): भरपूर आहेत काका, या.

पाठक काका (ए-४०२): ३१ राहू द्या.

चौधरी भाऊ (सी-१०३): आता ट्रिपचं झालं. जे गाव तीनशे वर्षं एवढा मोठा तलाव धरून आहे त्यांच्याकडे आपण चाललो, आणि आपल्याला दहा हजार लिटरची टाकी सांभाळून नाही राहिली. बाई येणार, कंपनी येणार, कोटेशन येणार, काही आलं नाही. शनिवारी सकाळी ७ ला मी वर चढतो. बादली, ब्रश माझा. नावं खाली लिहा.
१) चौधरी
२)

देशमुख काका (ए-१०१): स्तुत्य उपक्रम 👏 गुडघ्यामुळे वर येणे शक्य नाही, खालून मार्गदर्शन करीन.

वैद्य काकू (ए-३०१): शनिवारी माझा उपास असतो

इंगळे (ट्रेझरर): मला कोटेशनचा फॉलोअप घ्यायचा आहे त्या दिवशी

कापगते ताई (बी-२०४): १) चौधरी
२) कापगते
३)

वैद्य काकू (ए-३०१): 🌙 शुभ रात्री 🌙

रोहित (सी-३०२): १) चौधरी
२) कापगते
३) रोहित (गच्चीवर तरी स्पीकर चालेल ना?)